महिलांसाठीची रुंद ऑल-माउंटन स्की

महिलांसाठीची रुंद ऑल-माउंटन स्की हा बर्फाच्छादित डोंगरउतारांवरून घसरत उतरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या अल्पाइन स्कीचा एक उपप्रकार आहे. यंत्राने सपाट केलेला कठीण उतार, झाडांमधील मऊ बर्फ आणि वरच्या भागातील भुसभुशीत नवा हिम अशा डोंगरावरील सर्व प्रकारच्या बर्फांवर एकाच जोडीने उतरता यावे, हा या स्कीचा उद्देश असतो. तिच्या मधल्या अरुंद भागाची, म्हणजे 'कंबरे'ची, रुंदी साधारणतः ९५ ते १०६ मिलिमीटर असते. स्कीइंगमध्ये प्रावीण्य मिळवलेल्या, वेगाने व तीव्र उतारावर उतरणाऱ्या स्त्रियांना समोर ठेवून ती घडवलेली असते. तिची उपयुक्तता दोन गोष्टींवर अवलंबून असते : रुंदीमुळे मऊ बर्फावर मिळणारा तरंगण्याचा लाभ आणि त्याच रुंदीमुळे कठीण बर्फावर गुडघ्याला मोजावी लागणारी किंमत. 'महिलांसाठी' या शब्दामागे नेमका कोणता रचनाभेद आहे, हा या प्रकाराविषयीचा सर्वाधिक चर्चिला जाणारा प्रश्न होय.

## रचना आणि परिभाषा

स्कीची मापे तीन आकड्यांत सांगितली जातात : अग्रभागाची, कंबरेची आणि शेपटीची रुंदी. '१३२-१००-१२०' असे लिहिले असल्यास अग्र १३२, कंबर १०० आणि शेपूट १२० मिलिमीटर रुंद आहे, असे समजावे. कंबर दोन्ही टोकांपेक्षा अरुंद असल्यामुळे स्कीच्या दोन्ही कडा आत वळलेल्या दिसतात. या वक्रतेस 'साइडकट' म्हणतात. स्की एका कडेवर कलती केली की ही वक्र कड बर्फात रुतते आणि स्की आपोआप वर्तुळाकार वळण घेते.

या वळणाची त्रिज्या सोप्या गणिताने काढता येते. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग करावा. अग्र व शेपूट यांच्या रुंदींच्या बेरजेतून कंबरेची दुप्पट वजा करावी, उरलेल्या संख्येची दुप्पट करावी आणि तिने त्या वर्गास भागावे. वरील मापांच्या स्कीची टेकणारी लांबी १.३५ मीटर धरल्यास त्रिज्या सुमारे १७.५ मीटर येते. लहान त्रिज्येची स्की चपळ वळते, तर मोठ्या त्रिज्येची स्की वेगात अधिक स्थिर राहते. रुंद ऑल-माउंटन स्कींची त्रिज्या बहुधा १४ ते १८ मीटरच्या दरम्यान आढळते.

उभ्या छेदातील आकारही तितकाच महत्त्वाचा असतो. स्की सपाट जमिनीवर ठेवली असता तिचा मधला भाग किंचित वर उचललेला दिसला, तर त्या कमानीस 'कॅम्बर' म्हणतात. स्त्री स्कीवर उभी राहिली की ही कमान दबते आणि कडेची पकड पूर्ण लांबीवर पसरते. याउलट टोके लांबवरून हळूहळू वर उचललेली असली, तर त्या आकारास 'रॉकर' म्हणतात. होडीचे नाक जसे पाणी कापण्याऐवजी त्यावर चढते, तसे रॉकर असलेले अग्र मऊ बर्फात न घुसता वर राहते. रुंद ऑल-माउंटन स्कीमध्ये बहुधा पायाखाली कॅम्बर आणि दोन्ही टोकांना रॉकर अशी मिश्र रचना असते.

स्कीच्या आत लाकडाचा गाभा असतो. पॉप्लर, बीच, पॉलोनिया, बाल्सा इत्यादी लाकडांच्या पट्ट्या चिकटवून तो तयार करतात. त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर असतात. प्रगत स्कीमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा पातळ पत्रा किंवा कार्बनतंतू घालतात. धातूमुळे स्की जड होते, मात्र वेगात होणारी थरथर शोषली जाते. तळ पॉलिइथिलीनचा असतो आणि दोन्ही बाजूंना पोलादी कडा बसवलेल्या असतात.

## रुंदीचे कार्य

बर्फावर पडणारा दाब हा वजन आणि पृष्ठफळ यांच्या गुणोत्तरावर ठरतो. सामानासह ७० किलोग्रॅम भरणारी स्त्री केवळ स्कीच्या बुटांवर उभी राहिल्यास दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने १५५ ग्रॅम दाब पडतो आणि मऊ बर्फात ती गुडघ्यापर्यंत किंवा त्याहूनही खोल रुतते. १६५ सेंटिमीटर लांबीच्या, ७२ मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर हाच दाब सुमारे २३ ग्रॅमवर येतो, तर १०० मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर तो सुमारे १९ ग्रॅम होतो. म्हणजे रुंद स्कीमुळे दाब आणखी सुमारे एक-षष्ठांशाने घटतो. पावसाळ्यात काळ्या रानात चालताना रुंद टायरचे वाहन कमी रुतते, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

या लाभाला दुसरी बाजू आहे. कठीण बर्फावर स्कीची फक्त आतली कड जमिनीला टेकते. ७० मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर ही कड पायाच्या मध्यरेषेपासून ३५ मिलिमीटरवर असते, तर १०० मिलिमीटर कंबरेच्या स्कीवर ती ५० मिलिमीटरवर जाते. तरफेची भुजा अशा रीतीने सुमारे ४३ टक्क्यांनी वाढते. स्की कडेवर धरून ठेवण्यासाठी घोटा व गुडघा यांना तितका अधिक पीळ सोसावा लागतो. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जाण्यासही अधिक वेळ लागतो. ज्या ठिकाणी बहुतेक दिवस कठीण, सपाट केलेल्या उतारावर जातात, तेथे रुंद स्की गैरसोयीची ठरते ती यामुळेच.

कंबरेच्या रुंदीनुसार स्कींचे ढोबळ वर्गीकरण पुढीलप्रमाणे केले जाते. उत्पादकांनुसार या सीमा थोड्याफार बदलतात.

- ६५ ते ८० मिलिमीटर : स्पर्धेच्या आणि सपाट केलेल्या उतारावरील स्की. कठीण बर्फावर उत्तम पकड.
- ८० ते ९५ मिलिमीटर : अरुंद ऑल-माउंटन. कठीण बर्फाकडे झुकणारी.
- ९५ ते १०६ मिलिमीटर : रुंद ऑल-माउंटन. मऊ बर्फाकडे झुकणारी, तरी कठीण बर्फावर चालणारी.
- ११० मिलिमीटरहून अधिक : खोल भुसभुशीत हिमासाठीची स्की.

## इतिहास

स्की हे मुळात क्रीडासाधन नव्हते. हिमप्रदेशातील शिकार व प्रवास यांसाठी ते सहस्रावधी वर्षे वापरात होते. स्वीडनमधील काल्वत्रेस्क येथे सापडलेली स्की सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची आहे. आधुनिक स्कीइंगचा उगम एकोणिसाव्या शतकातील नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतात मानला जातो. तेथील मोर्गेदाल गावच्या सोंद्रे नोरहाइम याने कंबर अरुंद असलेली स्की आणि टाच धरून ठेवणारी बांधणी लोकप्रिय केली. १९५० च्या सुमारास अमेरिकन अभियंता हॉवर्ड हेड याने अ‍ॅल्युमिनियमच्या थरांची स्की बाजारात आणली आणि अखंड लाकडी स्कीचे युग संपत आले.

रुंद स्कीचा आरंभ १९८० च्या दशकाच्या अखेरीस झाला. ऑस्ट्रियातील अ‍ॅटोमिक या कंपनीने खोल हिमासाठी नेहमीपेक्षा कितीतरी रुंद स्की तयार केली. प्रारंभी तिची थट्टा झाली. तथापि हेलिकॉप्टरने शिखरावर नेऊन सोडणाऱ्या सहलींमध्ये ती लवकरच रूढ झाली, कारण मध्यम कौशल्याच्या व्यक्तीलाही तिच्यावरून खोल बर्फात उतरता येऊ लागले. १९९० च्या दशकात स्लोव्हेनियातील एलान कंपनीने खोल साइडकटची स्की आणली आणि वळण घेणे सर्वांसाठीच सुलभ झाले. २००२ मध्ये शेन मॅककॉन्की याच्या कल्पनेतून व्होलांट कंपनीची 'स्पॅट्युला' ही स्की निघाली. तिच्यात कॅम्बर व साइडकट हे दोन्ही उलटे केलेले होते. या स्कीने रॉकरची उपयुक्तता सिद्ध केली. पुढील काही वर्षांत रुंद कंबर, खोल साइडकट आणि रॉकर हे तिन्ही गुण एकत्र येऊन आजची रुंद ऑल-माउंटन स्की घडली.

## 'महिलांसाठी' या शब्दाचा अर्थ

हिवाळी ऑलिंपिकमध्ये अल्पाइन स्कीइंगचा समावेश १९३६ साली जर्मनीतील गार्मिश-पार्टनकिर्शन येथे झाला आणि त्याच वर्षी स्त्रियांसाठीही स्पर्धा ठेवण्यात आली. स्त्रियांच्या साधनांकडे मात्र उत्पादकांचे लक्ष बऱ्याच उशिरा गेले. दीर्घकाळ 'महिलांची स्की' म्हणजे पुरुषांची आखूड आणि मऊ केलेली, वर फुलांची नक्षी काढलेली स्की असे. नवशिक्या स्त्रीला ती पुरत असे. वेगाने उतरणाऱ्या स्त्रीच्या पायाखाली मात्र ती थरथरे आणि कड सोडून देई. अशा स्त्रियांपुढे पुरुषांची स्की आखूड लांबीत विकत घेणे एवढाच मार्ग उरे.

रचनाभेदाच्या समर्थनार्थ पुढील कारणे दिली जातात. सरासरीने स्त्रियांचे वजन कमी असते, त्यामुळे तीच स्की त्यांच्याखाली कमी वाकते. कमान पुरेशी दबली नाही तर वळण पूर्ण होत नाही. स्त्रियांचा गुरुत्वमध्य तुलनेने खाली असतो आणि पाऊल लहान असते, त्यामुळे भार टाचेकडे झुकण्याची प्रवृत्ती दिसते. हे ध्यानात घेऊन अमेरिकेतील जिनी थोरेन यांनी बांधणी पुढे सरकवून बसवण्याचा आणि टाचेखाली उंचवटा देण्याचा पुरस्कार अनेक वर्षे केला. आज अनेक महिला-स्कींवर बुटाच्या मध्याची खूण पुढे सरकवलेली असते.

विरोधी मतही तितकेच ठाम आहे. स्कीला वजन, उंची, बळ आणि वेग कळतात. ती वापरणारी व्यक्ती स्त्री आहे की पुरुष, हे कळत नाही. ७५ किलोग्रॅम वजनाच्या कसलेल्या स्त्रीस मऊ स्की अपुरी पडते, तर ५५ किलोग्रॅमच्या पुरुषास तीच योग्य ठरते. अमेरिकेची लिंडसे व्हॉन हिने २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमधील डाउनहिल शर्यतीचे सुवर्णपदक पुरुषांसाठी बनवलेल्या स्कीवरून जिंकले. हे उदाहरण स्पर्धेतील अतिवेगाचे असले, तरी 'स्त्री म्हणजे मऊ स्की' हे समीकरण सरसकट लागू पडत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

प्रगत महिलांसाठीची आजची रुंद स्की या दोन मतांच्या मध्ये उभी आहे. बहुतेक मोठ्या कंपन्या महिलांची मालिका सर्वसाधारण मालिकेची भगिनी म्हणून घडवतात. नॉर्डिकाची 'सांता आना' ही 'एन्फोर्सर'शी, ब्लिझार्डची 'शीव्हा' ही 'रसलर'शी आणि फोल्कलची 'सीक्रेट' ही 'मँट्रा'शी नाते सांगते. अशा जोड्यांत बाह्य आकार बहुधा सारखा ठेवला जातो. महिलांच्या स्कीमध्ये गाभ्याचे लाकूड हलके निवडणे, धातूचा पत्रा कमी करणे आणि आखूड लांबी उपलब्ध करून देणे असे बदल आढळतात. काही स्कींमध्ये मात्र रंगाव्यतिरिक्त काहीच निराळे नसते. त्यामुळे नावापेक्षा गाभा, धातू, वजन आणि उपलब्ध लांबी ही माहिती वाचून निर्णय घेणे हितावह असते.

## निवडीचे निकष

बर्फ. निवडीचा पहिला प्रश्न बर्फाचा असतो. जेथे नवा हिम वारंवार आणि खोल पडतो, तेथे १०० मिलिमीटर किंवा त्याहून थोडी अधिक कंबर योग्य ठरते. जेथे बहुतेक दिवस दाबलेल्या उतारावर जाणार असतील, तेथे ९० च्या आसपासची कंबर पुरते.

लांबी. प्रगत स्त्रीसाठी स्की उभी धरली असता तिचे टोक साधारणतः नाक ते कपाळ यांच्या दरम्यान यावे. रॉकर लांब असलेल्या स्कीची बर्फाला टेकणारी लांबी कमी भरते, म्हणून ती थोडी लांब घेतात. अतिशय आखूड स्की वेगात डळमळते आणि मऊ बर्फात तिचे अग्र रुतते.

कडकपणा. वजन व वेग अधिक असल्यास धातूयुक्त, कडक स्की उपयोगी पडते. वजन कमी असून वळणे लहान घ्यायची असल्यास हलका गाभा सोयीचा होतो. पायातील बूट ढिला किंवा फार मऊ असल्यास उत्तम स्कीचाही उपयोग होत नाही. म्हणून स्कीच्या आधी बुटाची निवड करण्याचा सल्ला दिला जातो.

बांधणी. बूट स्कीला जोडणारी बांधणी पडण्याच्या वेळी आपोआप सुटली पाहिजे. ती किती जोरावर सुटावी, याचा अंक वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि उतरण्याची पद्धत यांवरून ठरवला जातो. हा अंक जाणकार कारागिराकडूनच लावून घ्यावा लागतो. सुटलेली स्की उतारावरून घरंगळत जाऊ नये म्हणून बांधणीस रोधक असतो. रुंद स्कीसाठी तो कंबरेपेक्षा किंचित रुंद असणे आवश्यक असते.

## सुरक्षितता

गुडघ्यातील पुढचा स्वस्तिक-अस्थिबंध तुटणे ही स्कीइंगमधील सर्वांत गंभीर नेहमीची दुखापत आहे. हौशी स्कीपटूंमध्ये या दुखापतीचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीहून अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. रुंद स्की कठीण बर्फावर गुडघ्यावरील पीळ वाढवते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर महत्त्वाची ठरते. मांडीच्या मागील स्नायूंचा व्यायाम, योग्य अंकावर लावलेली बांधणी आणि थकवा आल्यावर थांबणे हे यावरील नेहमीचे उपाय आहेत.

दुसरा धोका हिमस्खलनाचा आहे. रुंद स्कीमुळे दाबलेल्या मार्गाबाहेरील खोल बर्फात जाणे सोपे होते आणि नेमका तेथेच हा धोका अधिक असतो. बहुसंख्य हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर घडतात आणि चांगल्या स्कीइंगला मोहवणारे उतारही हेच असतात. अशा भागात जाणाऱ्या प्रत्येकाजवळ संदेश पाठवणारे व शोधणारे बीकन, बर्फात खुपसून पाहण्याची लांब काठी आणि फावडे असावे लागते. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या व्यक्तीस पहिल्या १० ते १५ मिनिटांत बाहेर काढले, तर ती वाचण्याची शक्यता बरीच असते. त्यानंतर ती झपाट्याने घटते. म्हणून सोबत्यांनी केलेला शोध हाच खरा बचाव ठरतो. एकटीने जाणे टाळावे, हा नियम कौशल्य कितीही असले तरी लागू आहे.

## भारतातील स्थिती

भारतात रुंद स्कीचा खरा उपयोग जम्मू-काश्मीरमधील गुलमर्ग येथे होतो. पीर पंजाल पर्वतरांगेतील हे ठिकाण सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तेथील रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि कोंगदूरीहून अफरवाट पर्वताच्या खांद्याकडे जाणारा दुसरा टप्पा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्या पुढे पोहोचतो. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ येथे विपुल हिम आणतात. वरच्या टप्प्यावरील विस्तीर्ण उतार यंत्राने दाबलेले नसतात. त्यामुळे अरुंद स्कीवर तेथे टिकाव लागणे कठीण जाते आणि ९५ ते ११० मिलिमीटरची स्की सोयीची ठरते.

हाच भाग धोक्याचाही आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळील हिमस्खलनात लष्कराच्या प्रशिक्षण-तुकडीतील अनेक जवान मृत्युमुखी पडले. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाट येथे पोलंडचे दोन स्कीपटू आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी रशियाचा एक स्कीपटू हिमस्खलनात दगावला. रज्जुमार्गाने काही मिनिटांत वर पोहोचता येत असले, तरी त्या दिवशी कोणता उतार खुला आहे, याची चौकशी केल्याशिवाय निघणे धोक्याचे असते.

उत्तराखंडमधील औली येथे उतार अधिक सौम्य व दाबलेले आहेत. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांतील स्कीइंग तेथे झाले. औलीत मध्यम रुंदीची स्की पुरेशी होते. हिमाचल प्रदेशातील सोलंग खोरे हे नवशिक्यांचे व स्पर्धकांचे सरावस्थान आहे.

भारतीय स्त्रियांची या खेळातील वाटचाल मुख्यतः स्पर्धात्मक स्कीइंगची आहे. शैलजा कुमार यांनी १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्लालम शर्यतीत भाग घेतला. हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. २००६ च्या तुरीन ऑलिंपिकमध्ये नेहा आहुजा यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. मनालीजवळील बुरुआ गावच्या आंचल ठाकूर यांनी जानेवारी २०१८ मध्ये तुर्कस्तानातील एर्झुरूम येथे स्लालममध्ये कांस्यपदक मिळवले. स्कीइंगमधील भारताचे ते पहिले आंतरराष्ट्रीय पदक ठरले. या सर्व शर्यतींत अरुंद स्पर्धा-स्की वापरतात, ऑल-माउंटन स्की नव्हे. २०२० पासून गुलमर्ग येथे खेलो इंडिया हिवाळी क्रीडास्पर्धा सुरू झाल्या आहेत.

## महाराष्ट्रातील शिकणाऱ्यांसाठी

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नसल्याने येथील विद्यार्थिनींना प्रशिक्षणासाठी हिमालयात जावे लागते. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आणि मनाली येथील अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण व संलग्न क्रीडा संस्था या सरकारी संस्था हिवाळ्यात वर्ग घेतात. औली येथेही प्रशिक्षणाची सोय आहे. प्राथमिक वर्गात रुंद स्कीचा आग्रह धरू नये. कडेवर उभे राहणे आणि वळण पूर्ण करणे हे अरुंद स्कीवर लवकर समजते. तीव्र उतारावर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येऊ लागल्यावरच रुंद स्कीचा लाभ मिळतो. विकत घेण्यापूर्वी दोन-तीन वेगवेगळ्या रुंदींच्या स्की भाड्याने घेऊन एकाच उतारावर वापरून पाहणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे.

घरी आणलेल्या स्कीची निगाही राखावी लागते. माळशिरस, सोलापूर यांसारख्या भागांत उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात बंद मोटारीत ठेवल्यास स्कीचे थर जोडणारा डिंक सैल पडण्याचा संभव असतो. पावसाळी दमट हवेत पोलादी कडा गंजतात. म्हणून हंगाम संपल्यावर कडा कोरड्या पुसून तळासह त्यांवर मेणाचा जाड थर द्यावा, जोडी थंड व कोरड्या खोलीत ठेवावी आणि पुढील हिवाळ्यात वापरण्यापूर्वी मेण खरवडून काढावे.

## हेही पाहा

- स्कीइंग
- हिमस्खलन
- गुलमर्ग
- औली
- हिवाळी ऑलिंपिक
- शैलजा कुमार
- आंचल ठाकूर